तिकिटावरची बंदूक आणि तिकिटाबाहेरचा कारागीर

पूर्व जर्मनीच्या टपाल खात्याने १९७८ साली सहा तिकिटांचा एक संच प्रसिद्ध केला. थुरिंगियाच्या डोंगराळ प्रदेशातील झूल या गावी घडविल्या जाणाऱ्या शिकारीच्या बंदुका हा त्याचा विषय होता. मराठी वाचकाला हे नाव वाचताच हत्तीच्या पाठीवरची झूल आठवेल. पण या गावाचा हत्तीशी काही संबंध नाही. सोळाव्या शतकापासून तेथे लोखंड तापते आहे आणि बंदुकांच्या नळ्या घडत आहेत. संचातील तीन बंदुका जुन्या आहेत : एक चक्रचापाची, एक चकमकीची, एक टोपीच्या चापाची. उरलेल्या तीन तिकिटांच्या काळातल्या, म्हणजे १९७८ सालच्या : एक दुनळी, एक एकीवर एक नळी असलेली आणि एक तिनळी. शिकारी आणि सावज यांना तेथे मुख्य स्थान नाही. वस्तू आणि तिची घडण एवढाच त्या चित्रांचा आशय आहे.

याच्या दोन वर्षे आधी, २४ जानेवारी १९७६ रोजी, भारतीय टपाल खात्याने जिम कॉर्बेट यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २५ पैशांचे तिकीट काढले. कॉर्बेट यांची कीर्ती ज्या वस्तूवर उभी राहिली ती वस्तू बंदूक होय. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल भेट दिली, आणि पुढच्या अनेक मोहिमांत ती त्यांच्या खांद्यावर राहिली. तिकिटावर मात्र ही रायफल नाही. तेथे वाघ आहे.

एकीकडे शिकारीविना बंदूक आणि दुसरीकडे बंदुकीविना शिकारी, असे हे दोन नमुने आहेत. दोन्ही राष्ट्रांनी एकाच दशकात, शिकार या एकाच विषयाच्या कडेने जाताना, कशाला जागा दिली आणि कशाला नाही याचा तौलनिक विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. तुलनेत तिसरे एक स्थळ आणावे लागेल, ते म्हणजे गोवा. आणि चौथे, ज्या गावात बसून हे लिहीत आहे ती काशी. टपाल तिकिटाला साहित्याच्या अभ्यासकाने हात लावावा की नाही, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर सरळ आहे. तिकिटावर चित्र असते, अक्षरे असतात, किंमत असते आणि ते काढणारी एक संस्था असते. कोणाचे नाव घालायचे, कोणते वगळायचे, कोणत्या भाषेत घालायचे, हे सारे निर्णय त्यात झालेले असतात. ग्रंथाच्या मुखपृष्ठाबद्दल आपण जे प्रश्न विचारतो तेच येथेही विचारता येतात; फरक एवढाच की या मुखपृष्ठामागचा ग्रंथ वाचकाला स्वतः शोधावा लागतो.

भारतीय तिकिटांवर शस्त्र मुळीच येत नाही, असे मात्र नाही. राजस्थानातील बुंदी संस्थानाने १८९४ मध्ये काढलेल्या पहिल्या तिकिटांवर कट्यार आहे. बुंदेलखंडातील चरखारी संस्थानाच्या तिकिटांवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली, सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीस, झाशीच्या राणीचे तिकीट निघाले तेव्हा ती घोड्यावर स्वार, हाती तलवार अशीच दाखविली गेली. मोरोपंत तांब्यांच्या या मुलीचा जन्म काशीचा, आणि काशीकर मराठी मंडळींना याचा अभिमान आहे. तिच्या झाशीच्या वेढ्याचे जे मराठी वर्णन आपल्याजवळ आहे, ते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात. १९०७ साली प्रसिद्ध झालेले हे वरसईच्या भिक्षुकाचे निवेदन. ते वाचताना झाशी तलवारीने लढली असे वाटत नाही. तेथे तोफा आणि बुरूज सतत उपस्थित असतात. तिकिटाने यातून तलवार उचलली. पाते आणि नळी यांच्यातील ही प्रतवारी आपल्याकडे जुनी आहे. पात्याला कुळ असते, देव्हाऱ्यात जागा असते, नाव असते. भवानी तलवारीचे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस सापडणे कठीण, पण इतिहासप्रसिद्ध बंदुकीचे एखादे नाव विचारले तर उत्तर पटकन येणार नाही.

नळीचे शस्त्र तिकिटावर येते ते सैनिकाच्या हाती. १९६६ च्या प्रजासत्ताकदिनी भारतीय सेनादलांचे तिकीट निघाले. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, आझाद हिंदच्या नावाने बर्लिनच्या सरकारी छापखान्यात जी तिकिटे तयार झाली, त्यांपैकी एकावर मशीनगन चालविणारा सैनिक आहे. अ‍ॅक्सस्टर-हॉइटलास या जर्मन चित्रकार दांपत्याने काढलेली ही तिकिटे भारताच्या टपालात कधी वापरली गेली नाहीत. २००२ मध्ये भारतीय आयुधनिर्माणींच्या द्विशताब्दीचे तिकीट निघाले. कलकत्त्याजवळच्या काशीपूर येथे १८ मार्च १८०२ रोजी उत्पादन सुरू झाले, तेथून ही दोनशे वर्षे मोजली जातात. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. या निर्माणींपैकी ईशापूरने नागरी परवानाधारकांसाठी .३१५ ची शिकारी रायफलही वर्षानुवर्षे बनविली. २०२१ साली आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. म्हणजे बंदूक घडविणारा म्हणून भारतीय तिकिटावर मान मिळाला तो राज्यसंस्थेला. भाता फुंकणाऱ्या माणसाला तो मिळाल्याचे दिसत नाही. येथे एक जोड द्यावीशी वाटते. अमेरिकेने १९७२ मध्ये वसाहतकाळातील कारागिरांची चार तिकिटे काढली : काच फुंकणारा, चांदीकाम करणारा, टोप बनविणारा आणि हॅट बनविणारा. १९७७ मध्ये ‘स्वातंत्र्यासाठी कुशल हात’ या आशयाची आणखी चार निघाली : शिवणकाम करणारी, लोहार, चाके करणारा आणि चामडेकाम करणारा. बंदुकीच्या जोरावर स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या आणि बंदूक बाळगण्याचा हक्क संविधानात लिहून ठेवलेल्या या देशाला आठ कारागीर मोजताना बंदूक घडविणारा आठवला नाही. तेव्हा हा विसर केवळ आपलाच, असे समजू नये.

आता त्या विसरलेल्या कामाकडे वळू. हिंदुस्थानातील बंदूक घडविण्याचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त येते. त्यातील प्रक्रिया अशी. पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या कडा एकमेकींना भिडवीत व नळी करीत. अशी नळी बार काढताना फाटे. नव्या रीतीत लोखंडाची सपाट पट्टी तिरकी गुंडाळीत नेतात. त्यामुळे वळ्यावर वळा चढतो, कडा कडेला न लागता एकमेकींवर बसतात, आणि मग त्या हळूहळू तापवून सांधल्या जातात. नळ्या आतून घासून साफ करण्यासाठी बैलाने फिरविण्याचे एक चक्र होते, त्यावर एका वेळी सोळा नळ्या घासल्या जात. अबुल फज्ल या सुधारणांचे श्रेय बादशहाच्या बुद्धीला देतो. दरबारी ग्रंथकाराकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. परंतु तोच पुढे उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावे घेतो, आणि एक फार मोलाची गोष्ट नोंदवतो. प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कोठून आणले, कारागिराचे नाव, घडविण्याचे ठिकाण, महिना, वर्ष आणि अनुक्रमांक कोरला जाई. तिकिटांच्या सूचीत आज आपण वर्ष, किंमत, चित्रकार, छापखाना असे जे रकाने पाहतो, त्यांच्याहून हे रकाने अधिक आहेत आणि त्यांत कारागीर आहे. अकबराच्या खास बंदुकीचे नाव ‘संग्राम’. चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडास तिनेच टिपले असे सांगतात, आणि तिने मारलेल्या जनावरांची संख्या ‘आईन’मध्ये हजाराच्या वर नोंदलेली आहे. युद्ध आणि शिकार यांसाठी दोन वेगळ्या बंदुका असाव्यात, ही कल्पना त्या काळी रुजलेली नव्हती.

मराठी राज्यातही हे काम होते. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’त एक संपूर्ण शस्त्रवर्ग आहे; रघुनाथ पंडितांना दरबारी यावनी शब्दांस संस्कृत पर्याय देताना शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग करावा लागला, यावरून त्या शब्दांची दाटी लक्षात येते. पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी द बॉयनच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा व बंदुका घडू लागल्या. सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस तेथील कारखाना पाहत असे. पेशव्यांच्या पुण्यात पर्वतीजवळ शिकारखाना होता, पण तो शस्त्रांचा नव्हे, जनावरांचा संग्रह. हा शब्द आजच्या वाचकाची हमखास फसगत करतो.

मराठी भाषेत मात्र या कारागिरीची आठवण विलक्षण टिकून आहे. बंदुकीला नळी, दस्ता, घोडा, चाप, कान आणि गज. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात, तिला जामगी. कानाजवळ ठेवायची बारीक दारू ती रंजक. मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात कोश रचला तेव्हा हे शब्द जिवंत होते. आज ‘रंजक’ म्हटले की मनोरंजनच डोळ्यांसमोर येते, आणि कानाशी ठेवून पेटविण्याचा तो दुसरा अर्थ पार मावळला आहे. उलट वाक्प्रचारांनी नळी सोडली नाही. लग्नाचा बार उडतो, राजकारणातला एखादा बार फुसका निघतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे तर सर्वत्र भेटतात. ज्यांच्या ओळखीची बंदूक फक्त भाषेत उरली आहे, तेही हे शब्द सहज वापरतात. कोकणात ती भाषेपुरती उरलेली नाही. सिंधुदुर्गात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर शेतकऱ्यांजवळ ठासणीच्या व केपाच्या बंदुका असतात, आणि निवडणुका लागल्या की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आलेला. मूळ अर्थ एक कठीण कवचाचे फळ, मग त्या आकाराची गोळी, मग गोळी फेकणारे साधन. नळीच्या आधी गोळीचे नाव आले, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे.

गोव्याच्या प्रकरणात तिकीट, बंदूक आणि कारागीर हे तिघे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे.

अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले. आदिलशाहीच्या काळापासून तेथे शस्त्रशाळा होती, आणि तिच्यातील कारागीर नव्या सत्तेला आयते मिळाले. पोर्तुगालच्या राजाला पाठविलेल्या पत्रांत अल्बुकर्कने या बंदूक घडविणाऱ्यांची तारीफ केली आहे. त्यांची बंदूक बोहेमियातल्या बंदुकीच्या तोडीची उतरते, असा त्याचा अभिप्राय. मध्य युरोपचे लोहारकाम त्या काळी सर्वोत्तम मानले जाई, हे लक्षात घेता ही दाद किरकोळ नव्हे. रायनर डेनहार्ट यांच्यासारख्या शस्त्रेतिहासाच्या अभ्यासकांनी असे मांडले आहे की, युरोपातून आलेला कमानीच्या जोरावर झटक्याने पडणारा चाप आणि स्थानिक कारागिरांची नळी यांच्या संयोगातून गोव्यात एक मिश्र जातीची बंदूक जन्मली, आणि सिंहलद्वीप, मलाक्का या मार्गाने ती पूर्वेकडे गेली.

१५४३ मध्ये काही पोर्तुगीज एका चिनी जहाजातून जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका याने त्यांच्याजवळच्या दोन बंदुका विकत घेतल्या. साठ-एक वर्षांनंतर नाम्पो बुन्शी या झेन भिक्षूने लिहिलेल्या ‘तेप्पोकी’ या वृत्तांतात ही हकीकत आली आहे. बेटावरचा तलवारी घडविणारा लोहार यैता किंबेई याच्याकडे बंदुकीची प्रत करण्याचे काम आले. नळी झाली, पण मागचे तोंड बंद करण्याचा आटे पाडलेला गुडदा त्याला साधेना. दुसऱ्या वर्षी आलेल्या जहाजावरील एका परदेशी लोहाराकडून ती विद्या त्याला मिळाली. लोककथा सांगते की तिची किंमत म्हणून त्याने आपली मुलगी वाकासा पोर्तुगीजाला दिली. पुढे जपानी भाषेत ‘तानेगाशिमा’ हे बेटाचे नाव बंदुकीचेच नाव झाले. जपानी चापाची घडण तीच, झटक्याने पडणाऱ्या कमानीची. हिंदुस्थानच्या अंतर्भागात मात्र हा चाप रुळला नाही. तेथे दस्त्याच्या आतल्या तरफेने वात सावकाश कानावर टेकविणारी तोडेदार बंदूकच एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत राहिली.

या घटनेला ४५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९९३ मध्ये पोर्तुगालने आणि त्याच वेळी पोर्तुगीज अंमलाखालील मकावने तिकिटे काढली. नानबान शैलीच्या पडद्यांवरील चित्रांची आठवण करून देणाऱ्या या संचात एका तिकिटावर हाती बंदूक घेतलेला जपानी आहे. दुसऱ्यांवर धर्मोपदेशक आणि व्यापारी. शस्त्र, धर्म आणि व्यापार, या तीन चित्रांत भेटीची कहाणी आटोपते. लिस्बन ते तानेगाशिमा अशी सरळ रेषा तिच्यात आखलेली आहे, आणि रेषेच्या मधोमध असलेले मांडवीकाठचे शहर वगळलेले आहे. बंदूक पोर्तुगीजांनी आणली, जपान्यांनी घेतली. ती घडविणारा हात या दोघांपैकी कोणाचाच नसण्याचा संभव तिकिटाला सुचत नाही. ‘तेप्पोकी’ त्या मानाने उदार आहे : आपल्या लोहाराचे नाव, त्याची अडचण, त्याला शिकवायला आलेल्या परक्या माणसाचे अस्तित्व, सारे ती नोंदवते. अबुल फज्लनेही दोन नावे लिहिली. अल्बुकर्कच्या स्तुतीत मात्र गोव्याचे कारागीर अनेकवचनातच राहिले, आणि पुढच्या पावणेपाचशे वर्षांत ते एकवचनात आलेच नाहीत.

माझ्या मते तौलनिक अभ्यासाचे खरे काम येथून सुरू होते. प्रभाव कोणाचा कोणावर पडला, हा जुना प्रश्न आपण देणारा आणि घेणारा अशा दोनच बाजूंनी मांडीत आलो आहो. गोव्याची बंदूक सांगते की देणारा म्हणून ज्याचे नाव नोंदले जाते, तो पुष्कळदा वाहून नेणाराच असतो.

गंगेच्या काठाने काशीहून खाली गेले की पाटण्यापुढे मोकामा घाट आणि त्याही पुढे मुंगेर लागते. १७६०च्या दशकाच्या आरंभी मीर कासीमने आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलविली, आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीच्या हाताखाली तेथे शस्त्रशाळा उभी केली. मीर कासीमचे राज्य लवकरच गेले. कारागीर गावात राहिले. पुढे त्यांच्या वंशजांनी शिकारीच्या बंदुका घडविल्या, परवाना घेऊन कारखाने चालविले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने बंदूक बाळगणे, विकणे, घडविणे हे सारे परवान्याखाली आणले. युरोपियनांना सूट देणाऱ्या त्या कायद्याविरुद्ध आपल्याकडे जे लिहिले गेले, ते मुख्यतः बाळगणाऱ्याच्या मानहानीबद्दल होते. घडविणाऱ्याच्या भात्याचे काय झाले, हा विषय वृत्तपत्री लेखणीला फारसा शिवला नाही. १९५९ च्या कायद्याने हीच चौकट वेगळ्या शब्दांत पुढे नेली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या बंदुकीचे गिऱ्हाईकच संपविले. हा कायदा आवश्यक होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका कारागिरीचा बाजार एका दिवसात बेकायदा होतो तेव्हा तिचे ज्ञान कोठे जाते, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. मुंगेरचे नाव आज वर्तमानपत्रांत येते ते बहुधा चोरट्या कट्ट्यांच्या बातमीत. महाराष्ट्रात हत्यारांना धार व झिलई देणाऱ्यांचे शिकलगार हे नाव अरबी ‘सैकल’वरून, म्हणजे चकाकी देण्यावरून आलेले, त्या नावाभोवतीही अशीच संशयाची छाया पडलेली दिसते. याउलट २००९ मध्ये पारंपरिक वस्त्रांच्या चार तिकिटांत बनारसी रेशमाला स्थान मिळाले, आणि ते योग्यच झाले. मागावरचा कारागीर वारसा होतो आणि ऐरणीवरचा आरोपी. दोघेही एकाच नदीच्या काठचे.

मोकामा घाटाचा उल्लेख वर सहज केलेला नाही. जिम कॉर्बेट यांनी उमेदीची सुमारे वीस वर्षे तेथे रेल्वेचा माल एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर चढविण्याच्या ठेक्यात घालविली. १९५२ च्या ‘माय इंडिया’ या पुस्तकात त्या हमालांची आणि सहकाऱ्यांची जी चित्रे आहेत, ती मला त्यांच्या वाघांच्या कथांहून अधिक मोलाची वाटतात. मुंगेर तेथून फार लांब नाही. कॉर्बेट यांच्या हातात मात्र रिग्बीची रायफल होती. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही, तो काळच तसा होता. १९४४ मध्ये मुंबईहून ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ निघाले आणि जगभर वाचले गेले. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ त्यांच्या नावाच्या उद्यानात झाला, आणि तीन वर्षांनी आलेल्या तिकिटाने शिकाऱ्याचे संरक्षकात झालेले रूपांतर पक्के केले. रायफल दाखविणे त्या क्षणी अडचणीचे झाले असते. सलीम अली यांचेही असेच. १९८५ च्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्राचे नावच लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीवरून आले. तो पक्षी घेऊन ते बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्याकडे गेले, आणि पुढचे आयुष्य ठरले. १९९६ ची त्यांची जन्मशताब्दीची तिकिटे पक्ष्यांची आहेत. मराठीत व्यंकटेश माडगूळकर याच वाटेने गेले. तरुणपणी शिकारीचा नाद असलेला हा लेखक पुढे दुर्बीण आणि चित्रवही घेऊन नागझिऱ्याला बसला, आणि १९८२ मध्ये ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांची कादंबरी लिहिली. या तिन्ही चरित्रांचा आकार एकच आहे : आधी बंदूक, मग तिचा त्याग, मग दृष्टी. आकार सुंदर आहे आणि खराही आहे. पण त्यात बंदूक ही केवळ मागे टाकण्याची वस्तू होऊन राहते; ती कोणी तरी घडविलेली होती, ही गोष्ट कथानकाच्या गरजेत बसत नाही.

झूलच्या संचाने हीच गोष्ट पुढे आणली, म्हणून त्याचे कौतुक वाटावे. तरी ते जपून करावे. १६३४ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात हे गाव जाळले गेले. त्या राखेतून धंदा पुन्हा उभा राहिला, आणि चक्रचापापासून तिनळीपर्यंतची अखंड परंपरा दाखविणाऱ्या तिकिटांना त्याचा अभिमान आहे. परंतु गावातील एक मोठा कारखाना सिमसन या ज्यू कुटुंबाचा होता. नाझी राजवटीने १९३०च्या दशकात तो त्यांच्याकडून हिसकावून घेतला आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. अखंड परंपरेच्या चित्रात हा तुटलेला दुवा दिसत नाही. शिवाय १९७८ मध्ये त्या देशात शिकारीच्या बंदुका बहुतांश सरकारी मालकीच्या होत्या. सामान्य शिकाऱ्याला आपल्या संघटनेमार्फत बंदूक मिळे आणि शिकारीनंतर ती परत करावी लागे. उत्तम माल परकीय चलनासाठी बाहेर जाई. चित्रात शिकारी नाही, याला कलात्मक संयमापेक्षा हे कारण अधिक जवळचे असावे.

काशी संस्थानाने आपली टपाल तिकिटे काढली नाहीत. १९११ मध्ये संस्थान म्हणून मान्यता मिळालेल्या आणि १९४९ मध्ये विलीन झालेल्या या राज्याची शस्त्रे रामनगरच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहेत. पालख्या, हौदे, हस्तिदंती काम आणि जुनी घड्याळे ओलांडून शस्त्रांच्या दालनात गेले की तलवारींबरोबर बंदुकाही दिसतात. ब्रह्मदेश, आफ्रिका आणि जपान येथील जुन्या बंदुका या संग्रहात असल्याचे त्याच्या वर्णनांत येते. गोव्याहून जपानला गेलेल्या घडणीचा एखादा धागा अशा रीतीने गंगेच्या काठी येऊन थांबलेला असू शकतो, या विचाराने त्या दालनात माझा पाय बराच वेळ निघाला नाही. बरोबरचे विद्यार्थी नावेची वेळ टळत असल्याची आठवण देत होते.

काशीनरेशांची शिकारीची राने चकियाच्या बाजूला, विंध्याच्या पठारावर. राजदरी आणि देवदरी हे धबधबे तेथलेच. आज हा भाग चंदौली जिल्ह्यात मोडतो. १९५७ मध्ये तेथे चंद्रप्रभा अभयारण्य झाले, आणि त्याच वर्षी गीरहून आणलेला एक सिंह व दोन सिंहिणी या रानात सोडल्या गेल्या. राजांच्या शिकारीच्या रानात सिंहांना आसरा देण्याचा हा प्रयोग प्रथम यशस्वी होत होता. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली. याच काळात, ऑक्टोबर १९६३ मध्ये, नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला वन्यजीव संरक्षणाचा पाच तिकिटांचा संच निघाला : गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह. सर्वांत मोठ्या किमतीचे, एक रुपयाचे तिकीट सिंहाचे होते. ते तिकीट चिकटविलेले लखोटे चकियाच्या टपालथैलीतून जात असतील तेव्हा सिंह त्या थैलीच्या वाटेवरच्या रानात खरोखरीच होते. १९६५ नंतर ते दिसेनासे झाले. कोणी विषप्रयोग म्हटले, कोणी चोरटी शिकार. एकही शव हाती लागले नाही, आणि एकही बंदूक जप्त झाल्याची नोंद चंद्रप्रभाच्या या हकीकतीत येत नाही.